साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटा

भावावर चाकूहल्ला झाला तेव्हा मी मालाडच्या घरी होते, त्याचं रक्त मीच ओढणीने दाबून धरलं. खटला दिंडोशीच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. समन्स हातात पडलं की आधी पोलीस ठाण्यातल्या पैरवी हवालदारांना, म्हणजे कोर्टाची कामं बघणाऱ्या पोलिसांना, गाठा. आपल्या कोर्टाचे सरकारी वकील कोण, हे ते सांगतात. तारखेला दहालाच पोहोचा. कोर्ट सुरू झालं की वकिलांना मान वर करायला उसंत नसते.

मी गेले तेव्हा सरकारी वकील मॅडमनी माझा पोलीस जबाब पुढे ठेवला. 'डाव्या खांद्यावर वार' लिहिलं होतं. वार उजव्यावर होता. पोलिसांपुढच्या जबाबावर आपली सही नसते, त्यामुळे ही चूक मला दोन वर्षं दिसलीच नव्हती. मी विचारलं, "आता डावाच म्हणू का?" त्या म्हणाल्या, "नाही ताई. जे पाहिलंत तेच बोला. फरक मी बघते." सरकारी वकील साक्ष पढवत नाहीत, आणि मला हेच फार मोलाचं वाटतं. त्या राज्याच्या वतीने उभ्या असतात, आपल्या खासगी वकील नव्हेत. फी द्यायची नसते. सत्र न्यायालयात सरकार पक्ष तेच चालवतात. आपला वकील हवाच असेल तर तो त्यांच्या सूचनेनुसारच काम करतो, आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देऊ शकतो. दंडाधिकारी कोर्टात हेच काम सहायक सरकारी अभियोक्ता करतात.

उलटतपासणीत प्रश्न कळला नाही तर तसं न्यायाधीशांना सांगा. मी दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा प्रश्न पुन्हा विचारला गेला.