वायफाय कॉलिंगच्या टेस्टिंगला नवीन आहात? आधी हँडओव्हर बघा

टेलिकॉम टेस्टिंगमध्ये नुकतेच लागलेल्यांसाठी लिहितोय, एलटीई (फोरजी) आणि आयएमएस (इंटरनेटसारख्या डेटावरून कॉल चालवणारी यंत्रणा) माहितीय असं धरून.

पहिलं म्हणजे वायफायचा पासवर्ड कितीही भारी असू दे, ते नेटवर्क ट्रस्टेड की अनट्रस्टेड हे सिमचा ऑपरेटर ठरवतो. घरचं वायफाय सहसा अनट्रस्टेडच धरतात, म्हणून फोन ईपीडीजीपर्यंत (वायफायवरून येणाऱ्या फोनसाठी ऑपरेटरचं प्रवेशद्वार) आयपीसेक टनेल, म्हणजे एन्क्रिप्टेड बोगदा, बांधतो आणि सिमची ओळख ईएपी-एकेए या पद्धतीने पटवतो. या टनेलला लागणारे यूडीपी पोर्ट ५०० आणि ४५०० फायरवॉलने अडवले की बसा बोंबलत. हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडतं, घाबरू नका.

खरा घाम फुटतो तो हँडओव्हरला, म्हणजे चालू कॉल एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर नेताना, मलाही फुटला. माणूस एलटीईवर बोलत बोलत घरात शिरतो, फोन वायफायवर जातो आणि कॉल कट. सगळे राउटरला शिव्या घालतात. लॉग उघडला तर ऑथेंटिकेशन सक्सेस, टनेल सक्सेस, सगळं हिरवंगार, आणि इथेच नवीन पोरं तिकीट बंद करून मोकळी होतात. अरे थांबा! टनेल बांधतानाच्या आयकेईव्ही२ बोलणीतल्या आयके-ऑथ (IKE_AUTH) मेसेजमध्ये फोन आयपी अॅड्रेस मागतो तो रकाना बघा. तो रिकामा असेल तर नेटवर्क समजतं की हा नवीनच अटॅच आहे आणि नवा आयपी देतं. एलटीईवरचा जुना आयपी भरून पाठवला असेल तरच ते हँडओव्हर, मग पीजीडब्ल्यू (फोनला आयपी देणारं ऑपरेटरचं गेटवे) तोच आयपी ठेवतं. चालू कॉल जुन्या आयपीला बांधलेला असतो, त्यामुळे नवा आयपी मिळाला की टनेल ठणठणीत आणि कॉल मेलेला. म्हणून परत सांगतो, सक्सेस दिसलं तरी आधीचा आणि नंतरचा आयपी शेजारी शेजारी ठेवून बघायचाच.

हा मेसेज एन्क्रिप्टेड असतो, मोडेम किंवा ईपीडीजीच्या लॉगमधून कीज काढून वायरशार्कच्या (नेटवर्कचे मेसेज उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) आयकेईव्ही२ टेबलात टाकल्याशिवाय आत काही दिसत नाही. सर्टिफिकेटवाल्या क्रॅश कोर्समध्ये हे कोणी दाखवत नाही, माझं तर त्यांच्याबद्दल मत वाईटच आहे. त्यापेक्षा शेजारी बसून एक लॉग ओळीओळीने वाचून घेणारा सिनियर शोधा आणि थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा २४.३०२ हा दस्तऐवज उघडा, जड वाटला तरी. मिलेनाजचं, म्हणजे सिमच्या ऑथेंटिकेशनमागच्या अल्गोरिदमचं, गणित पाठ नाही केलं तरी चालतं.

आणि खऱ्या ग्राहकाचा कॅप्चर (रेकॉर्ड केलेले नेटवर्क मेसेज) व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून "कोणी बघेल का" विचारू नका, त्यात आयएमएसआय, म्हणजे ग्राहकाच्या सिमचा ओळख क्रमांक, असतो, नोकरी जाईल. टेस्ट सिमचा टाका.