कॉन्फिगरला हात लावण्याआधी

जुन्या ओपन सोर्स प्रकल्पाला पहिला पॅच पाठवताय, बदल एका ओळीचा आहे आणि गिट डिफ (काय बदललं ते दाखवणारा आदेश) मात्र हजारभर ओळी दाखवतंय? घाबरू नका. माणसाने लिहायची फाइल कॉन्फिगर.एसी, कॉन्फिगर ही तिच्यातून ऑटोकॉन्फ या साधनाने काढलेली शेल स्क्रिप्ट, बिल्डच्या आधी मशीन तपासणारी. ऑटोकॉन्फ वेगळा असला की निघणारी स्क्रिप्टही वेगळी, त्या हजार ओळी तिथूनच येतात.

तेव्हा सगळ्यात आधी ऑटोकॉन्फची आवृत्ती बघा. प्रकल्प जी मागतो नेमकी तीच हवी, त्याहून नवी चालत नाही. ऑटोकॉन्फ 2.69 आली 2012 मध्ये आणि 2.70 थेट डिसेंबर 2020 मध्ये. एवढ्या काळात 2.69 सगळीकडे रुजली. जीसीसी या कंपायलर प्रकल्पाने तर 2.69 आणि तिचं जोडसाधन ऑटोमेक 1.15.1 अशी जोडीच ठरवून दिली. आकडा जुळला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. डेबियन या लिनक्स वितरणाच्या 2.69 मध्ये त्यांचे स्वतःचे पॅच होते, त्यामुळे 'रनस्टेटडिर' हा जादा पर्याय नव्याने काढलेल्या कॉन्फिगरमध्ये उतरायचा आणि डिफमध्ये नाहक गर्दी व्हायची. म्हणून ऑटोकॉन्फ बनवणाऱ्या जीएनयू प्रकल्पाचा मूळ टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) आणून होम डिरेक्टरीत वेगळ्या जागी बसवा. सीपायथॉनसारखी (पायथॉन भाषेचा मूळ प्रकल्प) कंटेनरमध्ये, म्हणजे सगळ्यांना सारख्या मिळणाऱ्या बंदिस्त वातावरणात, कॉन्फिगर काढायची सोय प्रकल्पाने केली असेल तर तीच वापरा. मला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण त्यात कोणाच्या लॅपटॉपवर काय आहे हा प्रश्नच उरत नाही.

आता फाइलींच्या वेळा. गिट त्या जपत नाही. क्लोन केल्यावर कॉन्फिगर ही कॉन्फिगर.एसीपेक्षा जुनी दिसू शकते, मग मेक हे बिल्ड चालवणारं साधन ती पुन्हा काढायला धावतं आणि 'एक्लोकल सापडत नाही' म्हणून अडतं (एक्लोकल हा ऑटोमेकचाच भाग). नवशिके इथेच हात टेकतात, याचं मला वाईट वाटतं, कारण कोडमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. जीसीसीच्या जीसीसी_अपडेट स्क्रिप्टमध्ये वेळा सरळ करायला 'टच' पर्याय आहे. इतरत्र मेंटेनर मोड, म्हणजे या फाइली आपोआप पुन्हा काढायची सोय, बंद ठेवता येतो का ते पाहा.

मॅकवर होमब्रू या पॅकेज साधनाने लिबटूलाइझ (याच साधनांपैकी एक) घेतलं तर त्याचं नाव 'जीलिबटूलाइझ' असतं, आणि तिथल्या सेड या मजकूर बदलणाऱ्या आदेशाची आय खूण (फाइल जागीच बदलणारी) लिनक्ससारखी वागत नाही. विंडोजवर ओळींचे शेवट बदलले की शेल स्क्रिप्ट चालत नाही, तेव्हा गिटअॅट्रिब्यूट्स या फाइलमध्ये एलएफ (लिनक्सचा ओळ-शेवट) पक्कं करा.

काढलेली फाइल पॅचसोबत पाठवायची की मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, स्वतः काढतो, हे आधीच विचारून घ्या. मर्ज करताना कॉन्फिगरमध्ये कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) आला तर तो हाताने सोडवू नका, कॉन्फिगर.एसी नीट करा आणि स्क्रिप्ट नव्याने काढा.

रिलीज तुम्हीच काढणार असाल तर एक्सझेड या फाइल-संकोचन साधनाचं प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा. 29 मार्च 2024 रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने त्याच्या 5.6.0 आणि 5.6.1 मधला चोरदरवाजा उघड केला. त्याची सुरुवात करणारी बदललेली 'बिल्ड-टू-होस्ट.एम4' फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. काढलेल्या फाइली टारबॉलमध्ये जास्तीच्या असणारच, ही सवय सगळ्यांना होती. त्या सवयीच्याच आड तो चोरदरवाजा लपला. म्हणून स्वच्छ क्लोनमधून टारबॉल काढा, गिटमधल्या त्या आवृत्तीच्या टॅगशी ताडून बघा आणि टारबॉलमध्ये जास्तीची उरलेली प्रत्येक फाइल कोणत्या साधनाने, कोणत्या आवृत्तीने आणली ते लिहून ठेवा. एका फाइलचंही उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी रिलीज काढू नका.