चिंगीचं ऑपरेशन ठरलंय, तर आधी काय काय बघून ठेवायचं

ऑपरेशन म्हटलं की घरात सगळे एकच विचारतात, कापणार किती आणि टाके किती पडणार. खरं मला भीती जास्त भुलीची वाटते, आणि भुलीतनं बाहेर येतानाच्या त्या दोन-तीन तासांची. चिंगी म्हणजे आमची कुत्री, तिच्या मागच्या आचळांजवळ गाठी आल्यात, वय नऊ, जात अर्धी मुधोळ (आपल्याकडची सडपातळ, पळणारी जात), आणि पुढच्या आठवड्यात त्या काढायच्या ठरल्यात. रात्री झोप लागेना म्हणून फोनवर यादी करत बसले, मग वाटलं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अजून कुणाच्या घरी हीच काळजी चालू असेल, त्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून सगळं सलग लिहून काढते.

भुलीची भीती मी उगाच धरलेली नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ मध्ये जवळजवळ ९८ हजार कुत्र्यांच्या भुलीची नोंद ठेवून अभ्यास झाला होता, त्यात तब्येतीनं चांगल्या असलेल्या कुत्र्यांत दगावण्याचं प्रमाण साधारण दोन हजारात एक निघालं, आणि आधीच आजारी असलेल्यांत पंच्याहत्तरात एक. जी गेली त्यातली जवळपास निम्मी ऑपरेशन संपल्यावर गेली, त्यातही बरीचशी पहिल्या तीन तासात. हे वाचून आधी हातपाय गार पडले, मग जरा बरंही वाटलं, कारण काळजी नेमकी कुठं करायची ते कळलं. कुत्र्याच्या अंगात दुसरं काही लपलेलं आहे का ते आधी शोधायचं, आणि ऑपरेशननंतर त्याच्याजवळ कोण बसणार ते ठरवायचं. डॉक्टर निवडतानासुद्धा मी हेच दोन मुद्दे धरून बसले.

आपल्याकडं तालुक्याच्या गावी सरकारी पशु दवाखाना असतो आणि तिथल्या डॉक्टरांना मी अजिबात कमी लेखत नाही, रात्री दोन वाजता अडलेली म्हैस सोडवायला चिखलातनं जाणारी माणसं ती, पहिला सल्ला त्यांचाच घ्यावा. पण त्यांचं सगळं काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं, कुत्र्याला गॅसची भूल द्यायचं मशीन, हृदयाचा मॉनिटर हे तिथं मिळेलच असं नाही, आणि मोठं ऑपरेशन असलं की तेच डॉक्टर सांगतात की शहरात दाखवा. शहरात म्हणजे बेळगावात लहान प्राण्यांचे खाजगी दवाखाने आहेत, पुढं धारवाड साधारण ७५-८० किलोमीटर, हुबळी शंभरच्या आसपास, कोल्हापूर ११० च्या आसपास, निपाणीवाल्यांना तर कोल्हापूर चाळीसच किलोमीटर, आणि काहीजण चोर्ला घाटातनं गोव्याला नेतात. लांबच्या ठिकाणी सोय जास्त असेल, खरं टाके घातलेलं कुत्रं घाटातनं किंवा हायवेवरनं परत आणायचं, आणि रात्री अकराला रक्त यायला लागलं तर पुन्हा तेवढंच अंतर कापायचं, हे धरूनच ठरवावं. माझं मत असं की अगदी अवघड हाडाचं किंवा मणक्याचं काम असेल तर लांब जावं, बाकी तासाभराच्या आत पोचता येईल असा आणि फोन उचलणारा डॉक्टर बरा.

डिग्री विचारायला लाजू नका. बीव्हीएससी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी, हवीच, आणि सर्जरीत त्यापुढची एमव्हीएससी केलेला असेल तर उत्तम. राज्याच्या व्हेटरनरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर बोर्डावर किंवा लेटरहेडवर असतो तो बघायचा. घरी येऊन इंजेक्शन देणारे, लस टोचणारे लोक असतात, स्वभावानं चांगले असतात, पण कापाकापी त्यांच्याकडनं करून घ्यायची नाही, घरच्या घरी करून देतो म्हटलं तरी नाही.

मग दवाखान्यात स्वतः जाऊन विचारायचं, फोनवर नको. भूल नुसती इंजेक्शनची की नंतर गॅसवर ठेवणार, श्वासनलिकेत नळी घालणार का, सलाईन सुरू असणार का, कापणारा आणि भुलीकडं बघणारा माणूस वेगवेगळा आहे का, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, शुद्धीवर येईपर्यंत कुत्रं कुठं ठेवणार आणि तिथं कोण बसणार, आणि रात्री काही झालं तर कुणाचा नंबर. एका ठिकाणी मला उत्तर मिळालं, सगळं होतंय हो, सकाळी सोडा आणि संध्याकाळी घेऊन जावा. तिथनं मी परत आले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर मॅडमनी आत नेऊन टेबल दाखवलं, कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा एक क्लिप दाखवला, तो कुत्र्याच्या जिभेला लावतात आणि मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा येतो, ९५ च्या खाली जायला लागला की लगेच बघावं लागतं. टेबलावर गरम राहणारी गादी होती, कारण भुलीत कुत्र्याचं अंग गार पडतं आणि गार पडलं की शुद्धीवर यायला उशीर होतो. मी चारदा तेच तेच विचारलं आणि त्यांनी चारदा सांगितलं. तिथंच ठरवलं. मशीन महत्त्वाचं आहेच, पण प्रश्नाला न चिडणारा डॉक्टर रात्रीच्या फोनलाही चिडणार नाही असं मला वाटतं.

ज्यांच्याकडं मुधोळ आहे त्यांनी एक गोष्ट मुद्दाम सांगावी. आपल्या भागात ही कुत्री खूप, मुधोळ शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातच. अंगावर चरबी नसलेल्या, पळणाऱ्या जातीच्या कुत्र्यांना काही जुन्या प्रकारची भूल, थायोपेंटोनसारखी, लवकर उतरत नाही, ग्रेहाउंडवर हे बघितलेलं आहे आणि मुधोळची बांधणी तशीच. डॉक्टरांना माहीत असतं, तरी आपण तोंडानं सांगायचं, विशेषतः मिक्स असेल आणि बघून कळत नसेल तर. पग किंवा तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचं वेगळंच, त्यांची नळी काढल्यावर श्वास अडकू शकतो, त्यांच्याजवळ माणूस जास्त वेळ लागतो.

आता तपासण्या. रक्त तर बघायचंच, त्यात हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी, आणि आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्लेटलेट. गोचडीचा ताप इथं इतका आहे की वरनं धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही प्लेटलेट खाली गेलेल्या सापडतात, कुत्र्यात साधारण दोन ते पाच लाख असाव्यात, आणि कमी असताना कापलं तर रक्त थांबत नाही. चिंगीचं आधी ठरलेलं ऑपरेशन याच कारणानं पुढं गेलं. डॉक्सीसायक्लीन तीन-चार आठवडे चालतं, मग परत रक्त बघायचं. तेव्हा घरात सगळे वैतागले, गाठ वाढत्येय आणि डॉक्टर थांबा म्हणतात, पण मला ते थांबणं पटलं. गाठ असेल तर छातीचा एक्सरेही काढायचा, कारण आचळाची गाठ वाईट असेल तर पसरताना फुफ्फुसात जाते, आणि तिथं आधीच गेली असेल तर पोटावर मोठी चीर देऊन काय साधणार हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलायला लागतं. वय जास्त असेल तर हृदय नीट तपासून घ्यावं. आणि चालू असलेली औषधं सगळी सांगायची, फिटची गोळी, खाजेसाठी दिलेलं स्टेरॉइड, आयुर्वेदिक म्हणून आणलेलं सिरप, सगळं. स्टेरॉइड आणि मेलॉक्सीकॅमसारखं दुखण्याचं औषध एकत्र गेलं तर पोटात अल्सर होतात.

रक्ताचं अजून एक. आपल्याकडं कुत्र्यांची ब्लड बँक कोपऱ्याकोपऱ्यावर नाही, तेव्हा मोठं ऑपरेशन असेल तर रक्त देऊ शकेल असं कुत्रं आधीच बघून ठेवायचं, २५ किलोच्या वरचं, तरुण, लस झालेलं, गोचडीचा ताप नसलेलं. आमच्या गल्लीतल्या लॅब्राडॉरच्या मालकांना मी विचारून ठेवलंय, ते बिचारे लगेच हो म्हणाले, बोलवा कधीही, घेऊन येतो.

तारीख ठरवताना कॅलेंडर नीट बघा. पावसाळ्यात बेळगावात आणि त्याहून खानापुरात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, जखम ओली राहते, माश्या बसतात आणि माशी बसली की आळ्या पडतात, त्यामुळं थांबण्यासारखं असेल तर पावसाळा जाऊ द्यावा. पू झालेलं गर्भाशय, पोट फुगणं असलं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, त्या वेळी ही सगळी यादी बाजूला ठेवून उचलून न्यायचं. गणपतीत नको, आपल्याकडची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि डॉल्बीनं घर हादरतं. दिवाळीत फटाके. १ नोव्हेंबरला सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन आणि कर्नाटकाचा राज्योत्सव दोन्ही, रस्ते बंद, बंदोबस्त. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की हायवेवर कधी अडवतील सांगता येत नाही, आणि कोल्हापूरला नेणार असाल तर सीमेचं काही तापलेलं नाही ना, सीमेवरचा कोगनोळी नाका मोकळा आहे ना, हे आदल्या दिवशी बघावं. वार शक्यतो सोमवार किंवा मंगळवार, शनिवारी केलं की रविवारी दवाखाना बंद आणि नेमका तोच दिवस काळजीचा. मादी असेल तर नुकतीच हीटवर येऊन गेलेली नको, त्या वेळी पोटातला रक्तपुरवठा वाढलेला असतो, दोन-तीन महिने जाऊ देतात.

घरची माणसं आधीच वाटून घ्यायची. यांना उद्यमबागेत फर्स्ट शिफ्ट, त्यांनी सुट्टी टाकलीय. दवाखान्यात कंपाउंडर फक्त कन्नड बोलतो, म्हणून चांगलं कन्नड येणारा धाकटा दीर बरोबर येणार, औषध किती वेळा द्यायचं यात गैरसमज नको. आदल्या रात्री खाणं किती वाजता बंद आणि पाणी कधीपर्यंत ते डॉक्टर वयानुसार सांगतात, पिल्लू किंवा शुगरचं कुत्रं असेल तर वेगळं असतं, स्वतःच्या मनानं चोवीस तास उपाशी ठेवू नका. पोटात अन्न असताना भूल दिली तर उलटी फुफ्फुसात जाते, हे मी सासूबाईंना आणि पोरांना दोघांनाही बसवून समजावलंय, कारण सकाळी चहाबरोबर चिंगीला बिस्किट देणं हा आमच्या घरचा नेम आहे. फ्रिजवर चिठ्ठी लावणार आहे, आज चिंगीला काहीही द्यायचं नाही.

पिशवीत फाईल, लसीचं कार्ड, रिपोर्ट, जुन्या दोन चादरी, टॉवेल, पट्टा. गाडी मागच्या सीटची, रिक्षा नको, परत येताना ती आडवी झोपलेली असणार. खर्चाचा अंदाज लिहून मागायचा, ऑपरेशन, भूल, औषधं, गाठीची तपासणी वेगवेगळी, म्हणजे नंतर वाद नको. सही करायचा कागद वाचून करायचा, इंग्रजीत असेल तर समजावून घ्यायचा, आत उघडल्यावर गाठ ठरल्यापेक्षा मोठी निघाली तर पुढं जायचं की तुम्हाला विचारायचं, हे आधीच बोलून ठेवायचं, त्या वेळी बाहेर बाकड्यावर बसून आपल्याला सुचत नाही.

घरी आणल्यावर जमिनीवर अंथरूण, सोफ्यावर नको, तोल जाऊन पडते. पाणी थोडं थोडं. त्या रात्री मी तिच्याजवळच झोपणार आहे, अधूनमधून हिरड्या बघायच्या, गुलाबी असल्या पाहिजेत, पांढऱ्या पडल्या तर लगेच फोन. सारखी उलटी झाली, दिवसभर लघवी झाली नाही, टाक्यातनं रक्त थेंब थेंब थांबेना, तरी फोन. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी, एकदा चाटायला मिळालं की रात्रीत टाके उघडतात. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, तोपर्यंत जिना नाही, उडी नाही, आंघोळ नाही. हळद, तूप, चुना काही लावायचं नाही. आणि कळवळून आपली कॉम्बिफ्लाम किंवा क्रोसिन देऊ नका हो, कॉम्बिफ्लाममधलं आयब्रुफेन कुत्र्याच्या किडनीला आणि पोटाला विष आहे, क्रोसिनमधलं पॅरासिटामॉलही आपल्या मनानं द्यायचं नाही, डॉक्टरांनी दिलेलंच औषध, सांगितलेल्या वजनाच्या हिशोबानं.

शेवटचं काम लोक विसरतात ते म्हणजे काढलेली गाठ. ती फेकून द्यायची नाही, फॉर्मॅलिनमध्ये (गाठ सडू नये म्हणून वापरायचं औषधी पाणी) घालून बायोप्सीला पाठवायची, कुत्र्यांच्या आचळाच्या गाठी साधारण निम्म्या साध्या आणि निम्म्या कॅन्सरच्या निघतात आणि नुसतं हात लावून कुणालाच ओळखता येत नाही. बरणीवर कुत्र्याचं नाव, वय, कुठल्या बाजूची गाठ हे लिहायचं, दोन गाठी असतील तर दोन बरण्या. आमच्या बरण्या लॅबला दीर पोचवणार, रिपोर्ट माझ्या नंबरवर येणार, आणि तो काहीही आला तरी तीन महिन्यांनी छातीचा एक्सरे परत काढायचा हे मी फाईलच्या पहिल्या पानावर आत्ताच लिहून ठेवलंय.