सेल सोल्डर करा, केबल नको

पहिलं सोलर पॅनेल हाताने जोडायला बसलो तेव्हा ३६ सेल लागणार होते आणि मी मोजून ३६च आणले होते. पहिल्याच संध्याकाळी त्यातले ९ तडकले. सर्किट बोर्डांवर बरीच वर्षं हात बसला होता, त्या माजात सेलला हात घातला, दुसरं काही नाही. बोर्ड पुष्कळ सोसतो. सेल म्हणजे १५६ मिलिमीटर लांब-रुंद आणि जेमतेम ०.२ मिलिमीटर जाड सिलिकॉनचा पातळ तुकडा. जरासा वाकतो, आणि मग न सांगता मोडतो.

मोडतो कशाने? मला वाटायचं, बीट, म्हणजे सोल्डरिंग आयर्नचं तापणारं टोक, जोरात दाबल्याने. तेही एक कारण आहेच, पण मोठी गंमत तांब्याची आहे. सेल एकमेकांना जोडायला त्यांवर तांब्याची पट्टी सोल्डर करतात. १५० मिलिमीटर लांबीची तांब्याची पट्टी २०० अंशांनी तापली की सुमारे अर्धा मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचं सिलिकॉन तेवढ्याच तापमानाला ०.०८ मिलिमीटरही वाढत नाही. म्हणजे पट्टी गरम असताना चिकटते आणि थंड होताना आखडून सेलला ओढत बसते. थंडगार काचेवर सेल ठेवून काम केलंत तर हा झटका आणखी वाढतो. मी आता खाली कोमट, सपाट प्लेट ठेवतो. कारखान्यातली यंत्रं इन्फ्रारेड किंवा गरम हवेने पट्ट्या जोडतात, तीसुद्धा सेल आधी तापवूनच घेतात.

हत्यारांत एकाच गोष्टीवर अडून बसा: तापमान धरून ठेवणारं, ६० वॅटच्या आसपासचं आयर्न आणि छिन्नीसारखी रुंद बीट. ‘सेल नाजूक आहे, मग आयर्नही लहान घेऊ’ या विचारानेच माझे गेलेल्यांतले निम्मे सेल गेले. २५ वॅटचं आयर्न पट्टीला टेकलं की स्वतःच थंड पडतं, सोल्डर लवकर वितळत नाही, तुम्ही दाबून थांबता आणि तोवर सगळा सेल भाजून निघतो. बीट ३५० ते ३८० अंशांवर ठेवा आणि पटकन सुटा. ६३/३७चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसेविरहित २१७च्या पुढे. बीट त्याहून एवढी गरम ठेवायची ती वाटेत गळणाऱ्या उष्णतेसाठी.

फ्लक्स, म्हणजे धातू साफ करून सोल्डर चिकटू देणारं द्रव्य, राळेचा किंवा नो-क्लीन (नंतर पुसावा न लागणाऱ्या) पेनचा. नळकामाचा आम्लाचा फ्लक्स या टेबलावर आणूच नका. त्या दिवशी जोड सुंदर दिसतो आणि नंतर तो फ्लक्स त्याला आतून खात राहतो. खिडकी उघडी ठेवा, कारण राळेचा धूर छातीला वाईट. शिसं हाताळलं असेल तर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

आता एक पट्टी जवळून बघू. सेलवर जी टॅबिंग वायर लागते ती मुळात कल्हई केलेली तांब्याची चपटी पट्टी असते, त्यामुळे वेगळं सोल्डर बहुधा लागतच नाही. दोन सेलच्या लांबीपेक्षा थोडी कमी कापा आणि दोन पकडींत धरून किंचित ताणा, म्हणजे गुंडाळीचा बाक जातो. सेलच्या चंदेरी बसबारवर (करंट गोळा करणाऱ्या रुंद रेघेवर) फ्लक्स पेन एकदाच फिरवा. पट्टी बरोबर मधोमध ठेवा, डाव्या हातातल्या लाकडी काडीने धरा. कडेपासून ५ मिलिमीटर आत सुरुवात करा; अगदी कडेला जोड दिला की तडा तिथूनच जातो. बीटचा सपाट भाग टेकवा, दाबू नका. फ्लक्स चुरचुरतो, धुराची एक रेघ उठते, आणि पट्टीचा मळकट रंग एकाएकी आरशासारखा होतो. तो बदल दिसेपर्यंत हलायचं नाही, दिसला की थांबायचं नाही. बीट एकाच वेगाने ओढत न्या. मागे बोटभर लांबीची चकाकी येते आणि मग निवत जाते. काडी त्या निवणाऱ्या भागावर हलकेच चालवत राहा. सगळी पट्टी दहा-बारा सेकंदांत व्हायला हवी. राहिलेली जागा दिसली तर लगेच मागे फिरू नका. निवू द्या, पुन्हा फ्लक्स लावा, मग जा.

हे मागे-पुढे घासणं का नको, तर बसबार चांदीचा आहे आणि वितळलेला कथील चांदी विरघळवून टाकतो. तीन-चार वेळा गेलात की बसबार ठिपक्याठिपक्यांचा दिसू लागतो आणि मग तिथे काहीच चिकटत नाही. म्हणूनच २ टक्के चांदी घातलेलं सोल्डर मिळतं. दुरुस्तीसाठी मी तेच वापरतो.

नेहमीच्या सेलची निळी बाजू ऋण, मागची धन. निळ्या बाजूवरची पट्टी शेजारच्या सेलच्या पाठीवर जाते. दोन सेलमध्ये २-३ मिलिमीटर जागा सोडा आणि पट्टीला तिथे हलकी घडी द्या, म्हणजे तापण्या-निवण्याचा ताण ती घडी खाईल. पाठीवर मात्र सगळीकडे सोल्डर चिकटत नाही. करडा भाग ॲल्युमिनियमचा आहे, त्यावर तास घातला तरी थेंब घरंगळतच राहतो (मी जवळजवळ तेवढाच घातला होता). मधल्या चंदेरी पट्ट्यांवरच जोड द्या.

तपासताना नुसत्या व्होल्टवर विसंबू नका. उजेडात प्रत्येक सेल मोकळा (काही न जोडलेला) असताना सुमारे ०.६ व्होल्ट दाखवतो, ३६ सेलची माळ २१-२२. पण मीटर करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे केसाएवढा टेकलेला ड्राय सोल्डरही (कच्चा जोडही) पूर्ण व्होल्ट दाखवतो. उन्हात शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे धन-ऋण थेट जोडल्यावर वाहणारा करंट, मोजा. तो साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या मर्यादेजवळ जाऊ शकतो, तेव्हा तारेभोवती नुसता अडकवायचा डीसी क्लॅम्प मीटर बरा. त्याआधी एका फुटक्या सेलवर पट्टी जोडून ती उलट सोलून पाहा. चांगला जोड सुटताना चांदी किंवा सिलिकॉनचा टवका घेऊन येतो. पट्टी स्वच्छ सुटली तर तो जोड नव्हताच.

इथवर सोल्डर. पॅनेलच्या पाठीवरच्या जंक्शन बॉक्समधून (जोडण्यांच्या डबीतून) केबल बाहेर आली की आयर्न बंद करा.

सोलर केबलच्या टोकाला एमसी-४ नावाचे कनेक्टर लावताना माझ्याकडे क्रिम्पिंग पक्कड, म्हणजे धातूची पिन तारांभोवती दाबून बसवणारी पक्कड, नव्हती. पिनमध्ये केबल घालून मस्त भरभरून सोल्डर केलं. दिसायला कुठल्याही क्रिम्पपेक्षा देखणं. दुसऱ्या वर्षी पॅनेलचा करंट पडला. कनेक्टर उघडला तर प्लॅस्टिक तपकिरी, जळका वास, आणि तारा सगळ्या एकाच रेषेत तुटलेल्या. ती रेषा म्हणजे सोल्डर जिथे संपलं ती जागा. वितळलेलं सोल्डर तारांमधून इन्सुलेशनखाली शिरतं, तेवढा भाग कडक होतो आणि वाऱ्याने केबल हलली की त्याच्या टोकाशी एकेक तार मोडते. उरलेल्या तारांवर रोध वाढतो. ०.१ ओहम आणि ८ अँपिअर म्हणजे ६.४ वॅट, तेही बोटाएवढ्या बंद डबीत. मग सोल्डर स्वतःच मऊ पडतं.

क्रिम्प करताना ४ चौरस मिलिमीटरच्या केबलला ४चीच पिन, ६ला ६चीच. सुमारे ७ मिलिमीटर सोला, एकही तार कापली जाऊ देऊ नका. रॅचेटवाली (पूर्ण दाबल्याशिवाय न उघडणारी), योग्य साच्याची पक्कड पूर्ण मिटेपर्यंत दाबा. साध्या पकडीने चेपलेली पिन ही क्रिम्प नव्हे. ओढून पाहा. मग पिन कनेक्टरच्या प्लॅस्टिकच्या घरात ‘टक्’ आवाज येईपर्यंत ढकला, पुन्हा ओढा, नट घट्ट करा. जोडण्याआधी मीटरने धन-ऋण बघा. वेगवेगळ्या बनावटीचे नर-मादी एकमेकांत बसतात, टक्‌ही करतात, पण आतली मापं आणि मुलामा जुळेलच असं नाही. दोन्ही एकाच बनावटीचे घ्या. आणि चालू भारावर कनेक्टर कधीही ओढू नका. डीसी करंट शून्यातून जात नाही, त्यामुळे पेटलेला आर्क (विजेची ज्वाला) सहजी विझत नाही. आधी स्विच बंद.

चार्ज कंट्रोलरच्या (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्याच्या) स्क्रूखाली जाणाऱ्या तारांनाही कल्हई नको. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप सैल पडतो. तिथे फेरूल, म्हणजे तारेच्या टोकावरची धातूची छोटी नळी, दाबा.

सगळं जोडल्यावर भर उन्हात, पूर्ण भारावर तासभर चालवा आणि प्रत्येक कनेक्टरला बाहेरून उलट्या हाताने स्पर्श करा. शेजारच्या केबलपेक्षा जो जास्त गरम लागेल, तो भार बंद करून कापा आणि नवा लावा. उघडून पुन्हा दाबत बसू नका.