रोमन साम्राज्य ख्रिस्ती कसं झालं? सांगताना या चुका टाळा

इतिहासाच्या वह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: 'सम्राट कॉन्स्टंटाईनने इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला राजधर्म केलं.' माणूस बरोबर, साल बरोबर, पण केलं ते हे नव्हे. आणि हे एक वाक्य चुकलं की पुढचा सगळा इतिहास उलटा उभा राहतो. मग वाटू लागतं की एका बादशहाच्या मनात आलं आणि रोम बदललं.

३१३ मध्ये मिलान इथे कॉन्स्टंटाईन आणि पूर्वेचा सम्राट लिसिनियस यांचं जे ठरलं, त्यात ख्रिस्ती लोकांसह सर्वांना आपापल्या देवाची उपासना करायची मोकळीक होती आणि ख्रिस्ती लोकांच्या जप्त केलेल्या जागा परत द्यायच्या होत्या. सक्ती कुणावरच नव्हती. खरं तर त्याच्या दोन वर्षं आधी, ३११ मध्ये, गॅलेरियस या सम्राटाने मरणाच्या दारात असताना छळ थांबवला होता. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्यांत तोच पुढे होता. त्याच्या फर्मानात ख्रिस्ती लोकांना सांगितलंय की आता तुमच्या देवाकडे आमच्यासाठी आणि राज्यासाठी प्रार्थना करा. राजधर्म म्हणावा असा हुकूम आला तो २७ फेब्रुवारी ३८० रोजी, थेस्सलोनिकाहून, सम्राट थिओडोसियसच्या काळात. जुन्या देवांना बळी देण्यावर कडक बंदी आली ती ३९१-९२ मध्ये.

म्हणजे ३१३ आणि ३८० यांच्यात ६७ वर्षं आहेत. दोन पिढ्या सहज होतात. मधल्या काळात ज्युलियन (३६१ ते ३६३) हा सम्राट जुन्या देवांची पूजा पुन्हा सुरू करायला झटला. ही चार सालं, ३११, ३१३, ३८०, ३९१, वहीच्या समासात वेगवेगळी लिहून ठेवा. निम्म्या चुका तिथेच सुटतात.

कॉन्स्टंटाईनला एका रात्रीत ख्रिस्ती करू नका, ढोंगीही ठरवू नका

३१२ ची रोमजवळची मिल्व्हियन पुलाची लढाई, त्याआधी त्याला दिसलेलं ख्रिस्ताचं चिन्ह, हे सगळं सांगा. पण त्यानंतरही दहा-बारा वर्षं त्याच्या नाण्यांवर सूर्यदेव होता आणि मुख्य पुरोहिताची जुनी पदवी त्याने सोडली नाही, हेही सांगा. त्याने बाप्तिस्मा घेतला ३३७ मध्ये, शेवटच्या आजारात. यावरून काही जण म्हणतात की त्याची श्रद्धा खोटीच होती. तसं नाही. बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं धुतली जातात, मग तो जितका उशिरा घेऊ तितकं बरं, असा विचार त्या काळी पुष्कळ लोक करत.

जाता जाता आणखी एक: ३२५ च्या निकियाच्या परिषदेत बायबलमधली पुस्तकं निवडली गेली, असं ठोकून दिलं जातं. ती परिषद भरली आरियस या धर्मगुरूच्या मतावरून, म्हणजे येशू पित्याच्या बरोबरीचा की त्याने निर्माण केलेला, या वादावरून. पुस्तकांची यादी हा तिथला विषय नव्हता.

'तीनशे वर्षं अखंड छळ' हेही चूक

छळ झाला, आणि भयंकर झाला. पण तो कधी, कुठे आणि कुणाच्या हुकमाने, हे लिहिल्याशिवाय 'छळ' हा शब्द वापरू नका. ६४ साली नीरोने केला तो रोम शहरापुरता. साम्राज्यभर सर्वांना लागू होणारा पहिला हुकूम सम्राट डेशियसचा, २४९-५० चा, आणि त्यात ख्रिस्ती लोकांचं नाव घेतलेलं दिसत नाही. सगळ्यांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा, एवढंच.

हे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर टिकून राहिलेत. त्यातला एक २६ जून २५० चा आहे. ऑरेलियस डायोजीनिस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. गावच्या समितीला तो लिहितो की मी देवांना नेहमीच बळी देत आलोय, आणि आताही तुमच्यासमोर बळी दिला, अर्घ्य सोडलं, प्रसाद चाखला, तरी खाली सही करावी. तो ख्रिस्ती होता का? दाखल्यावरून काहीच सांगता येत नाही. पण बहात्तरीच्या म्हाताऱ्याला रांगेत उभं राहून आपल्या भक्तीचा कागद घ्यावा लागला. छळ म्हणजे फक्त सिंहांपुढे टाकणं नव्हे, हे मुलांना या कागदाने पटकन कळतं.

पुढे २६० मध्ये सम्राट गॅलियेनसने छळ थांबवल्यावर चाळीसेक वर्षं बऱ्यापैकी शांततेत गेली. सम्राट डायोक्लेशनचा मोठा छळ सुरू झाला ३०३ मध्ये. आणि रोमची भुयारं ही लपायची जागा नव्हती, ती दफनभूमी होती. शहराच्या हद्दीत पुरायला कायद्याने बंदी, म्हणून वेशीबाहेरचा मऊ खडक खोदून केलेली.

गोव्याचं चित्र रोमवर चिकटवू नका

आपल्याकडे 'ख्रिस्ती धर्माचा प्रसार' म्हटलं की डोळ्यांपुढे सोळाव्या शतकातला गोवा येतो: पोर्तुगीज सत्ता, तिच्यासोबत आलेले पाद्री, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. रोममधल्या पहिल्या तीन शतकांत यातलं काहीच नव्हतं. सत्ता उलट बाजूला होती. थिओडोसियसच्या काळापासून मात्र सत्तेचं बळ मिळालं आणि देवळं पाडली गेली, अलेक्झांड्रियाचं सेरापियम, म्हणजे सेरापिस देवाचं देऊळ, त्यातलंच. हे लपवायचं नाही, पण तीनशे वर्षं मागेही ढकलायचं नाही.

मग सत्तेशिवाय वाढ झाली कशी? २५१ च्या सुमाराचं रोमच्या बिशप कॉर्नेलियसचं पत्र पाहा. तो सांगतो की आपल्या मंडळीत ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू) आहेत, ७ डीकन (त्यांच्या हाताखालचे सेवक) आहेत आणि १५०० हून अधिक विधवा आणि गरजू लोकांचा सांभाळ होतो. शंभर वर्षांनी ज्युलियन आपल्या पुरोहिताला चिडून लिहितो की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असंच म्हणे) त्यांच्याच नव्हे, आपल्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची ही साक्ष माझ्या मते सगळ्यात वजनदार आहे.

लेख आधीच लिहून झाला असेल, तर त्यात 'मिशनरी' हा शब्द शोधा आणि त्या जागी माणसं घाला. करिंथ आणि रोममध्ये तंबू करणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला, जांभळ्या कापडाची व्यापारीण लुदिया. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की हे लोण शहरांतून खेड्यांत, शेतांवर पोचलंय, आणि बळीच्या मांसाला आत्ताआत्तापर्यंत गिऱ्हाईक मिळत नव्हतं. खरं काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींना यातना दिल्या. मंडळीत त्यांना 'सेविका' म्हणत, एवढं तो लिहितो. त्यांची नावं त्याने लिहिलेली नाहीत.