बडोद्यात घर बघताना आधी पाणी बघा

बडोद्यात बदली होऊन येणारा माणूस घर शोधताना आधी भाडं विचारतो, मग स्टेशन किती लांब ते, मग पार्किंग. इथं हा क्रम बदलावा लागतो. शहरात जागोजागी तलाव आहेत आणि मधून विश्वामित्री नदी वाहते. पावसाळा सुखाचा जाणार की जीव टांगणीला लागणार, हे घराच्या खोल्या नाही, घराची जागा ठरवते.

नव्या माणसाला धास्ती वाटते ती शहराच्या मधोमध असलेल्या सुरसागर तलावाची, कारण तो डोळ्यांसमोर असतो. खरं तर सुरसागर चारी बाजूंनी बांधीव आहे आणि त्याचं जादा पाणी जमिनीखालच्या वाटेनं नदीत जातं. घरात पाणी आणते ती विश्वामित्री. ती बऱ्याच ठिकाणी सोसायट्यांच्या मागे झाडीत दडलेली असते, म्हणून घर बघायला गेलेल्याला तिचा पत्ताच लागत नाही. समा, कारेलीबाग, फतेगंज, सयाजीगंजातला परशुराम भठ्ठा, अकोटा, मुजमहुडा, कलाली, वडसर या बाजूला घर बघत असाल तर फोनवर नकाशा उघडून नदीचं वळण कुठं आहे ते आधी पाहा. मांडवी आणि चार दरवाज्यांच्या आतलं जुनं गाव त्या मानानं उंचावर आहे. मात्र एकाच भागात दोन गल्ल्यांमध्ये जमीन जागेप्रमाणे वरखाली होते, त्यामुळे भागाच्या नावावरून निर्णय घेऊ नका. गल्ली बघा.

विचारताना दोन वर्षं वेगवेगळी विचारा: 2019 ला पाणी कुठवर होतं आणि 2024 ला कुठवर. या दोन पुरांची जात वेगळी होती. 31 जुलै 2019 ला शहरावरच एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस कोसळला (इथं पाऊस इंचातच सांगतात). त्यामुळे नदीपासून लांब असलेल्या पण खोलगट सोसायट्याही बुडाल्या. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि पाणी काही दिवस उतरेना. पहिल्या पुरात बुडालेलं घर दुसऱ्यात कोरडं राहिलं असेल, तर दोष गटारांचा आणि उताराचा. उलट असेल तर दोष नदीचा. दोन्ही वर्षी पाणी आलं असेल तर तळमजला घेऊ नका, भाडं कितीही कमी असो. 2025 मध्ये नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं, ही चांगलीच गोष्ट आहे, पण घर निवडताना जुन्या खुणांवरच भिस्त ठेवा.

या खुणा मालक दाखवणार नाही, तुम्हालाच शोधाव्या लागतील. कंपाउंडच्या भिंतीवर आडवी तपकिरी रेघ दिसते का ते पाहा. लोखंडी गेटचा गंज एका ठरावीक उंचीपर्यंतच आहे का? लाकडी दाराचा खालचा वीतभर भाग फुगलाय का, चौकटीशी घासतोय का? भिंतीचा गिलावा कंबरेपर्यंत खारावून पापुद्रे सुटलेत आणि वर मात्र भिंत ठणठणीत आहे, असं दिसलं तर पाणी तिथपर्यंत उभं होतं असं समजा. तळमजल्यावर आतून तीन-चार फूट नवीन टाइल्स लावल्या असतील तर कारण विचारा. सगळ्यात खरं उत्तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला किंवा किराणावाला देतो, कारण त्याचं स्वतःचं सामान भिजलेलं असतं.

"घरात नाही आलं, फक्त पार्किंगमध्ये आलं" हे वाक्य इथं हमखास ऐकायला मिळतं. त्यावर समाधान मानू नका. लाइटचे मीटर, पाण्याची मोटर, तिचा स्टार्टर, लिफ्टचा खड्डा, जमिनीतली टाकी आणि तुमची गाडी, सगळं पार्किंगमध्येच असतं. चौथ्या मजल्यावरचं घर कोरडं राहूनही दोन दिवस वीज नाही, लिफ्ट नाही, पाणी नाही अशी गत होते. म्हणून मीटरबोर्ड जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. छातीच्या उंचीला असेल तर बरं. जमिनीतल्या टाकीचं झाकण तर उघडून बघाच. बहुतेक ठिकाणी ते फरशीच्या पातळीलाच बसवलेलं असतं, त्यामुळे पार्किंगमध्ये चार इंच पाणी साचलं तरी गटाराचं पाणी सरळ पिण्याच्या पाण्यात उतरतं. तोंडाभोवती दीड फूट विटांचं किंवा काँक्रीटचं कडं आणि वर घट्ट बसणारं झाकण, एवढ्यानं निम्मी दुखणी टळतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा पहिल्याच महिन्यात काढा. खर्च किरकोळ असतो, टाळाटाळ मात्र भरपूर होते.

टेनामेंट, म्हणजे जमिनीवरचं स्वतंत्र घर, विकत घेत असाल तर आणखी एक तपासणी करा. बऱ्याच भागांत काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात, ओटा भिंतीपासून सुटतो, दारं पावसाळ्यात अडकतात. केसाएवढी भेग रंगाची असते. बोटाचं नख आत शिरेल अशी तिरकी भेग पायाची समजावी आणि इंजिनियरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नये. जुन्या तलावाच्या किंवा कांसाच्या (म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याच्या) जागेवर भराव घालून बांधलेलं घर असेल तर हेच दुखणं दुप्पट होतं. सर्व्हे नंबर काढून जुना नकाशा पाहिला की ते कळतं.

रोजच्या पाण्याचं सांगायचं तर शहराला दोन मोठे आधार आहेत. पूर्वेकडे आजवा, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळात 1892 मध्ये पुरं झालेलं सयाजी सरोवर. त्याचं पाणी निमेट्याला शुद्ध होऊन येतं. दुसरा आधार मही नदीच्या पात्रातल्या विहिरींचा. घर बघताना एवढंच विचारा: कॉर्पोरेशनचं पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं येतं आणि बोअरचं पाणी त्यात मिसळतात का. चार माणसांच्या घराला माणशी 135 लिटरच्या हिशेबानं दिवसाला 540 लिटर लागतात, म्हणजे हजार लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोंडाशी पांढरा थर आणि गिझरची कॉइल वरचेवर जळणं ही त्याची लक्षणं. भांडी-कपड्यांना ते चालतं, पिण्याची लाइन मात्र वेगळी हवी.

पावसाळ्यात दोन आकडे रोज बघण्याची सवय लावून घ्या: आजव्याची पातळी आणि काळा घोडा पुलापाशी विश्वामित्रीची पातळी. स्थानिक बातम्यांत दोन्ही येतात. नदीची धोक्याची पातळी 26 फूट आहे. आजवा 211 फुटांच्या पुढे सरकू लागला की सावध व्हा. शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी वाढते, कारण ती पावागडाकडून येते आणि तिकडचा पाऊस इथं काही तासांनी पोचतो. नदी 20 फुटांना पोचली आणि आजव्यातून पाणी सुटत असेल, तर गाडी तेव्हाच हलवा. 26 ची वाट बघत बसलात तर सोसायटीच्या तोंडाशीच रस्ता बंद झालेला असतो. लोक गाड्या उड्डाणपुलांवर नेऊन लावतात. लावायचीच तर एका कडेला, रुग्णवाहिका निघेल अशी. त्याआधी वरची टाकी भरून घ्या, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, इन्व्हर्टरची बॅटरी माळ्यावर किंवा टेबलावर चढवा, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर ठेवा. पाणी पार्किंगमध्ये शिरलं की मेन स्विच पाडा. हात ओले असतील किंवा पाय पाण्यात असतील तर त्या बोर्डाला अजिबात हात लावू नका.

गाडी बुडालीच तर चावी फिरवू नका. हे घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा, कारण बघू तरी सुरू होते का, असं म्हणून नेमकं तेच केलं जातं. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साफसफाईवर भागणारं काम पूर्ण इंजिनावर जातं. शिवाय इंजिन प्रोटेक्शनचं जादा कलम घेतलं नसेल तर विमा कंपनी ते नुकसान सहसा देत नाही. पाणी कुठवर आलं त्याचे फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा आणि गाडी उचलूनच गॅरेजला न्या. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हे कलम आहे का ते नक्की पाहा.

पाणी उतरल्यावर आधी टाकी, मग फरशी. टाकी पूर्ण उपसा, तळाचा गाळ खरवडून काढा, भिंती ब्रशनं घासा, एकदा धुऊन तेही पाणी टाका. मग टाकी भरून दर हजार लिटरला 150 ते 200 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर आधी बादलीत कालवून निवळी ओता. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी सगळं पाणी काढून टाका आणि नव्यानं भरा. डबा उघडून महिनोन्महिने पडलेली पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर विषारी वायू होतो, म्हणून एका दिवशी एकच. प्युरिफायरची काडतुसं बदलेपर्यंत पाणी उकळून प्या.

पुराबरोबर मगरीही येतात. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत आणि वस्तीच्या मधोमध त्या पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या आहेत. पाणी उतरताना एखादी मगर गटारात, कंपाउंडच्या कोपऱ्यात किंवा गाडीखाली अडकून बसते. अंधारात काठी आपटत, टॉर्च मारत बाहेर पडा. मगर दिसली तर वीसेक फूट लांब राहा, तिची नदीकडची वाट मोकळी ठेवा, कुत्रा घरात बांधा आणि वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या कार्यकर्त्यांना फोन करा. त्यांचे नंबर मे महिन्यातच फ्रिजवर लावून ठेवा. दगड मारणं, शेपटीला दोरी बांधणं हे धोक्याचं तर आहेच, शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. मार्च ते जून या काळात मादी काठावरच्या घरट्याची राखण करते, तेव्हा नदीच्या उतारावर बकऱ्या, मुलं किंवा क्रिकेटचा बॉल, कशाहीपायी उतरू नका.

डासांचं खापर तलावावर फोडायची पद्धत आहे, आणि डेंग्यूपुरती तरी ती चुकीची आहे. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: कूलर, कुंडीखालची थाळी, गच्चीवरचं उघडं पिंप. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं रिकामं करा आणि कूलरची टाकी आतून घासा. नुसतं पाणी ओतून दिलं तर भिंतीला चिकटलेली अंडी तशीच राहतात.

तलावाचा खरा आनंद संध्याकाळी मिळतो. सुरसागरच्या काठावर फिरायला जा, गाडी मात्र दांडिया बाजारच्या गल्लीत घुसवू नका. महाशिवरात्रीला शिवजीची सवारी सुरसागरला येते. त्या दिवशी दुपारनंतर मांडवी, न्यायमंदिर, रावपुरा हा पट्टा चालतच करायचा. लहान मुलांना कुठल्याही तलावात बोटीत बसवताना प्रत्येकाच्या अंगावर बांधलेलं लाइफ जॅकेट आणि बोटीवर लिहिलेली माणसांची संख्या बघा. जास्त माणसं चढली असतील तर उतरा. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर या बाबतीत भीड बाळगण्याचं काही कारण उरत नाही.

माशांना ब्रेड आणि कणकेचे गोळे टाकणं थांबवलं पाहिजे. उरलेलं अन्न तळाशी कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि उन्हाळ्यात पहाटे तो सगळ्यात कमी असताना मासे वर तरंगू लागतात. निर्माल्याचंही तेच. गणपती आता कॉर्पोरेशनच्या कृत्रिम तलावांत विसर्जित होतात. नवलखी मैदानावरच्या तलावाला शेवटच्या दिवशी मोठी रांग लागते. दीड किंवा पाच दिवसांचा गणपती असेल तरी दुपारीच निघा. शाडूची छोटी मूर्ती असेल तर घरच्या टबातच विसर्जन करा. मूर्ती बुडेल एवढं पाणी घ्या, आधी हार, दोरा, कापड काढा, रात्रभरात माती विरघळते. ती हलवू नका. वरचं पाणी निवळल्यावर काढून टाका आणि खालची माती कुंड्यांत घाला.