दारात ‘ड्यूस’ उभा राहिला की या चुका टाळा

अमेरिकी लष्कराच्या लिलावातून निघालेला एम35ए2 ट्रक म्हणजे सहा चाकं (मागची जोडचाकं एकेक धरून), सहाही इंजिनच्या जोरावर फिरणारी, आणि रिकामं वजन सहा टनांच्या आसपास. आडरानात अडीच टन माल नेण्यासाठी बनवलेला, म्हणून इथे अमेरिकेत त्याला ‘ड्यूस अँड अ हाफ’ किंवा नुसतं ‘ड्यूस’ म्हणतात. माझा 1971 चा आहे. घेतल्यावर पहिला खर्च टायरांवर केला, दुसरा रंगावर (भारतात खासगी गाडीला लष्करी ऑलिव्ह हिरवा चालत नाही, इथे चालतो, म्हणून हौस जास्तच). ब्रेककडे बघायला चार महिने लागले. नव्या मालकांपैकी बहुतेकांचा क्रम असाच उलटा असतो.

ब्रेक

या ट्रकाला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) एक आणि सहाही चाकांना मिळून हायड्रॉलिक सर्किटही एकच. हवा आहे ती एअरपॅक नावाच्या भागात, फक्त पायाचा जोर वाढवायला. त्यामुळे एका चाकाचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा) गेला किंवा एखादी जुनी रबरी नळी फाटली की पेडल थेट फळीला टेकतं. बाकीची पाच चाकं ठणठणीत असून उपयोग नाही. ‘हवेचे ब्रेक आहेत, हवा गेली की आपोआप लागतील’ असं ठामपणे सांगणारे मला भेटलेत. ते मोठ्या मालवाहू ट्रकांचं झालं. इथे हवा गेली तर पेडल दगडासारखं घट्ट होतं, आपोआप काही लागत नाही. म्हणून सुरू केल्यावर बझर वाजतोय तोवर गाडी हलवायची नाही. हवेचा दाब साधारण 60 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) झाला की तो गप्प होतो.

माझ्या गाडीचं ब्रेक ऑइल दर पंधरवड्याला बोटभर उतरायचं आणि खाली जमिनीवर थेंब नाही. सगळे ड्रम उघडले, सगळे कोरडे. शेवटी एअरपॅकची हवेची बाजू सोडली तर आतून जांभळं ऑइल बदाबदा सांडलं. सील गेलं होतं आणि ऑइल आतल्या आत हवेच्या बाजूला जात होतं. पातळी उतरतेय पण गळती सापडत नाही, अशा वेळी चाकांशी झटापट करण्याआधी एअरपॅक बघा. माझे दोन रविवार वाचले असते.

ऑइल जांभळं, कारण ते सिलिकॉनचं, म्हणजे डॉट 5. त्यात दुकानातलं डॉट 3 किंवा डॉट 4 ओतू नका, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. डॉट 5.1 च्या नावावरूनही फसू नका, ते सिलिकॉन नव्हे. प्रकार बदलायचाच असेल तर सगळी लाइन रिकामी करून धुवा आणि रबरी भाग नवे घाला.

हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या आक्सलांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे आहे. पेडल गेलं तर हाताशी उरतो तो हाच, म्हणून तो नीट धरतोय ना ते बघत जा. सैल झाला असेल तर दांड्याच्या टोकाची मूठ फिरवून आवळता येतो.

ऑइल फिल्टर

इंजिनच्या बाजूला दोन डबे आहेत, आत कागदी फिल्टर. डबा काढला की जुनं गॅस्केट बऱ्याचदा वरच्या खाचेत चिकटून राहतं, आणि काळ्या खाचेत काळं गॅस्केट दिसत नाही. त्यावर नवं बसवलं की वरकरणी सगळं ठीक वाटतं. इंजिन सुरू झालं, दाब आला, की पाच-सहा गॅलन ऑइल अंगणात यायला वेळ लागत नाही. खाचेत बोट फिरवा, मग टोकदार सळीने खरवडा, मग पुन्हा बोट फिरवा. नंतर इंजिन बंद करायची केबल ओढून धरा आणि ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा. कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटवू नका.

चाकं

डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे आहेत. माझ्या एका मित्राने पान्याला चार फुटी पाइप लावून तीन स्टड तोडले आणि वर ‘नट गंजलेत’ म्हणाला. स्टडच्या टोकावर ‘एल’ म्हणजे डावा असं कोरलेलं होतं! मागच्या जोडचाकांत आतल्या चाकाचे नट वेगळे असतात. बाहेरचा सैल केल्याशिवाय आतला आवळला जात नाही.

टायर रिमवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी लॉक रिंगच्या बाबतीत मात्र गंमत नको. रिंग नीट बसलेली नसताना हवा भरली तर ती उडते आणि समोरच्या माणसाचा जीव जातो. टायर पिंजऱ्यात ठेवून, लांब नळी लावून, बाजूला उभं राहूनच हवा भरा. पिंजरा नसेल तर ट्रकचे टायर बसवणाऱ्याकडे न्या.

वीज आणि इंधन

गाडी 24 व्होल्टची, 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. रेडिओसाठी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढले की ती कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. कन्व्हर्टर लावा, महाग नाही.

‘मल्टिफ्युएल’, म्हणजे अनेक इंधनांवर चालणारं इंजिन आहे म्हणून लोक टाकीत काहीही ओततात. ज्वलनाची ही पद्धत जर्मनीच्या मान कंपनीची, आपल्या जबलपूरच्या शक्तिमान या लष्करी ट्रकचं मूळ घराणंही तेच. इंजिन पुष्कळ पचवतं, पण इंजेक्शन पंप पचवत नाही. तळणाचं तेल थंडीत घट्ट होतं, महिनोन् महिने उभ्या गाडीत चिकट होतं आणि पंपाचं हायड्रॉलिक हेड (इंधन सिलिंडरांना वाटणारा भाग) अडकवतं. माझ्या टाकीत साधं डिझेल असतं. फिल्टरमधलं पाणी काढायला विसरू नका.

ताकद वाढवायला पंपाचं इंधन वाढवणार असाल तर आधी टर्बोच्या अलीकडे एक्झॉस्टच्या धुरासाठी तापमापक बसवा. 1200 फॅरनहाइटच्या वर काटा राहिला की हेड गॅस्केटची वेळ भरली म्हणून समजा.

बदल

मागचा एक आक्सल काढून चासी आखूड करण्याची फॅशन आहे. दिसतो झकास, पण ब्रेक लावणारी चाकं सहाची चार होतात. जोडचाकांच्या जागी 395/85 आर20 चे रुंद टायर घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की या गाडीला पॉवर स्टीअरिंग नाही, पार्किंगमध्ये खांदे बोलतात. काही ट्रकांच्या ट्रान्स्फर केसमध्ये स्प्रॅग क्लच असतो. मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा जोरात फिरू लागली की तो पुढचा आक्सल आपोआप जोडतो. पुढे मोठे आणि मागे झिजलेले टायर असतील तर कोरड्या रस्त्यावरही मागची चाकं घसरत आहेत असंच त्याला वाटतं, मग सगळी यंत्रणा स्वतःशीच कुस्ती खेळत राहते. सगळे टायर एका मापाचे ठेवा.

मी दोन सर्किटांच्या मास्टर सिलिंडरचं किट मागवलंय. ब्रॅकेट बसवायला एक भोक पाव इंचाने चुकतंय, म्हणून खोकं अजून गॅरेजात आहे. तोवर ट्रक घरापासून तीन मैलांच्या पलीकडे जात नाही, आणि उतारावरचा रस्ता तर मुळीच नाही.